सातवीचे शेवटचे चार धडे

मुलं त्यांना सनावळीबाई म्हणत. यातली गंमत अशी, की बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला एक सनावळी पाठ करायला लावली नव्हती. ते नाव त्यांच्या आधीच्या इतिहासाच्या बाईंचं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा नकाशांच्या कपाटाची किल्ली आणि हे नाव, अशा दोनच गोष्टी मागे ठेवून गेल्या. किल्ली पुढे दोनदा हरवली. नाव मात्र कुणी हरवू दिलं नाही. जुना वर्ग जाताना नव्या वर्गाच्या कानात सांगूनच जायचा. बाईंना ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. रागावून होणार काय, म्हणून त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते पुढे बावीस वर्षं.

शाळा लहान, दुमजली, रस्त्याला लागून. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. इकडे आठवीपर्यंत आणि रस्ता ओलांडला की त्याच संस्थेची मोठी इमारत, तिथे नववी-दहावी. इकडच्या इमारतीत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला बाई एकट्याच. त्यामुळे सहावीत त्यांच्या हाती लागलेला वर्ग आठवी संपेपर्यंत त्यांच्याच हाताखाली असायचा.

आणि इथेच सगळं पाणी मुरत होतं. बाईंच्या लेखी सहावी, सातवी, आठवी अशी तीन वर्षं नव्हतीच. एकच लांबलचक गोष्ट होती, आणि ती कुठे थांबवायची ते परीक्षेचं वेळापत्रक ठरवणार, हे त्यांना मान्य नव्हतं. सहावीत आल्या आल्या त्या पोरांना घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणायला सांगत. कुणी कुलूप आणी, कुणी कात्री, एकाने तर आजोबांची कवळी आणली होती. मग त्या वस्तूची उलटतपासणी. कुणी केली, कशासाठी केली, मोडली तेव्हा दुरुस्त कुणी केली? पुस्तकात या प्रकरणाला दोन तास दिलेले. बाईंना तीन आठवडे लागायचे. सातवीत तर कोर्टच भरायचं. राजाने कर वाढवला, प्रजा चिडली, आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं कुणाला? गेल्या वेळच्या सातवीत सगळ्यांना प्रजेच्या बाजूने बोलायचं होतं. करवसुली करणाऱ्या कारकुनाचं वकीलपत्र घ्यायला एकही पोर तयार होईना. शेवटी मागच्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी उठली, म्हणाली, "मी घेते. त्याला पण घर असेल ना." आणि नऊ तास चाललेला तो खटला तिने जिंकला. त्या दिवसापासून ती अख्ख्या शाळेची वकील झाली. शिपाईमामासुद्धा तिला "वकीलसाहेब, घंटा झाली, निघा आता" असं म्हणायचे.

खटला नऊ तास चालला म्हणजे पुस्तक नऊ तास मागे पडलं, हे सांगायला नकोच. पण बाई कधी घाबरल्या नाहीत. "राहू दे, पुढच्या वर्षी करू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्ग आपलाच, पेपर काढणाऱ्या आपणच, जेवढं शिकवलं तेवढ्यावर प्रश्न. सातवीचं राहिलेलं आठवीच्या पहिल्या दोन महिन्यांत व्हायचं. आठवीचे शेवटचे दोन धडे म्हणजे नुसत्या याद्या, ते दोन दिवसांत उरकायचे. बावीस वर्षं असं उसनवारीवर निभावलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

राहता राहिली टाचण वही. कोणता धडा कोणत्या आठवड्यात झाला, ते दर शनिवारी त्या वहीत लिहून सही करायची. बाई वेळापत्रकात असेल ते लिहून मोकळ्या व्हायच्या. धडा सोळावा, झाला. धडा सतरावा, झाला. सही. आता यावर कुणी नाक मुरडू नये. शाळेत काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, टाचण वहीतलं सगळं खरं असतं का म्हणून. तो हसेल आणि चहा मागवेल.

तर वकिलाच्या या वर्गाचे सातवीचे चार धडे राहिले होते. अगदी शेवटचे चार. त्याआधीचं सगळं पुस्तक राजे, लढाया आणि तह यांनी भरलेलं, आणि हे चार धडे साध्या माणसांचे. गिरण्या-खाणींतली माणसं एकत्र येऊन कामाचे तास ठरवून मागतात, तो पहिला. ज्यांना शाळेच्या दारात उभं करत नव्हते, त्यात मुली सगळ्यात आधी, त्या आत कशा आल्या, तो दुसरा. मत कुणाला आणि का, हा तिसरा. आणि सगळ्यांना एकच कायदा लिहायचा तर तो कसा लिहिला, हा चौथा. ताटातला आवडीचा पदार्थ शेवटी खायला ठेवावा तसे बाई हे धडे ठेवायच्या. खरं सांगायचं तर बाकीचं पुस्तक त्या या चार धड्यांसाठीच शिकवत होत्या.

सुट्टी संपायला चार दिवस असताना मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांची बैठक बोलावली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. दोन्ही इमारती त्यांच्याच ताब्यात. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांच्या टेबलावर कायम तीन फायली उघड्या असायच्या आणि तुमचं बोलणं त्यांना चौथ्या फायलीसारखं वाटायचं. त्यांनी सांगितलं, वरून आदेश आहे, यंदापासून आठवी पलीकडच्या इमारतीत. तिथलेच शिक्षक शिकवतील. इकडे फक्त सातवीपर्यंत.

मग काय, चर्चा सुरू झाली. कशाची? बाकांची. आठवीचे बाक तिकडे न्यायचे की इकडेच ठेवायचे. न्यायचे तर कोण नेणार, आणि पाय मोडका असलेला एक आहे तो कुणाच्या खाती टाकायचा. पाऊण तास बाकांवर गेला. एकेचाळीस पोरं त्या बाकांवर बसतात, ही गोष्ट कुणाच्या तोंडातून निघाली नाही.

बाई मनातल्या मनात मोजत होत्या, आणि मोजण्यासारखं तरी काय होतं, चारच धडे. शेवटी उठल्या.

"मोठ्या बाई, माझे चार धडे राहिलेत. सातवीचे. ते मी आठवीत घेणार होते."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "राहिलेत म्हणजे? परीक्षा झाली ना?"

"झाली. त्यात ते धडे नव्हते."

"मुलं पास झाली?"

"सगळी."

मोठ्या बाईंनी शिपाईमामांकडून टाचण वही मागवली, पानं उलटली आणि वही बाईंच्या पुढ्यात सरकवली. चारही धड्यांपुढे 'झाला' लिहिलेलं होतं. अक्षर बाईंचं, सही बाईंची.

"आता मी काय समजू?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. "शिकवले नाहीत असं म्हणालात, तर ही सही खोटी. सही खरी, तर धडे शिकवून झालेत. तुम्हीच सांगा, मी वर काय कळवू?"

बाईंनी वही मिटली. शेजारच्या गणिताच्या सरांनी हळूच खूण केली, बसा म्हणून. बसल्या. बाकांची चर्चा पुन्हा चालू झाली.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला होते, शांत माणूस, कुठलीही अडचण पाइपलाइनसारखी समजून घ्यायचे. "अगं, पण पुस्तक आहे ना मुलांकडे?" ते म्हणाले. "वाचतील की."

"अहो, पुस्तकं शाळेने परत घेतली, खालच्या वर्गासाठी. आणि असती तरी, तुम्ही वाचला होता कधी न शिकवलेला धडा?"

नवऱ्याने जरा आठवून पाहिलं. "शिकवलेलासुद्धा नव्हता वाचला," असं ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले. एरवी बाई हसल्या असत्या.

आठवीचा इतिहास पलीकडच्या नव्या सरांकडे गेला. तरुण मुलगा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड, बाईंना मॅडम म्हणायचा. बाई त्याच्याकडे गेल्या, सगळं सांगितलं. त्याला पटलं, निदान पटल्यासारखं त्याने केलं. पण त्याचंही घोडं अडलेलं होतंच. दर तीन आठवड्यांनी घटक चाचणी, पेपर बाहेरून यायचा, एक तास हलवला तरी सगळं कोलमडायचं. "मॅडम, एक ऑफ तास आहे बुधवारी. तो घ्या," तो म्हणाला.

बुधवारी बाई रस्ता ओलांडून गेल्या. वर्गात पाऊल टाकलं तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. आठच आठवडे झाले होते, पण पोरं उंच वाटायला लागली होती. एकेकाची विचारपूस करण्यात पाच मिनिटं गेली. मग पस्तीसपैकी उरलेल्या तीस मिनिटांत त्यांनी गिरणी उभी केली. भोंगा, अंधारे, पंखे नसलेले हॉल, उभ्याने बारा तास. कोण काय मागेल, मालक काय म्हणेल, हे पोरांच्या तोंडून काढायचं ठरलं आणि घंटा झाली. पुढच्या बुधवारी त्या तासाला वजन-उंची मोजायला माणसं आली. त्याच्या पुढच्या बुधवारी तो तास गणिताच्या जादा वर्गाला गेला, तो कायमचा.

"मधल्या सुट्टीत घ्या ना, मॅडम," नवे सर म्हणाले. "वर्ग रिकामाच असतो."

मधल्या सुट्टीत धडा शिकवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. बाहेर मैदानावर गलका, आत डब्यांची झाकणं. पहिल्या दिवशी एकोणीस जण थांबले. दुसऱ्या दिवशी नऊ. बाई रोज इकडचा तास संपवून धावतपळत रस्ता ओलांडायच्या, सिग्नल नाही, गाड्या थांबत नाहीत, दम लागायचा. त्यांचा स्वतःचा डबा तसाच घरी परत जायला लागला. चौथ्या दिवशी तिघे. त्यातल्या दोघांना खरं तर खिडकीतून सामना बघायचा होता. मग एकटी वकील उरली.

बाईंनी तिला म्हटलंही, "तू पण जा गं खेळायला."

"नको. मालकाचं काय झालं ते सांगा."

मग त्या दोघींनी धडा पुढे नेला. वकील तोंडात घास धरून वाद घालायची. मालकाने गिरणी बंदच केली असती तर? ज्यांनी संप केला त्यांच्या घरात तेवढे दिवस चूल कशी पेटली? जे कामावर गेले त्यांना फितूर म्हणायचं, की त्यांची पण बाजू घ्यायची? एका धड्याला अकरा मधल्या सुट्ट्या लागल्या. बाईंना कळत होतं की हे काही खरं नाही, एकेचाळीसातल्या एकीला शिकवून चाळीस जणांचं भागत नाही. पण एकीला तरी पूर्ण मिळेल. हळूहळू बाईंचा सगळा जीव त्या एकीत येऊन बसला. ही एक पोर चारही धडे शिकली तर आपण अगदीच बुडालो नाही, असं त्या स्वतःला समजावत होत्या.

अकराव्या दिवशी डब्याचं झाकण लावत वकिलाने विचारलं, "पुढचा धडा कशाचा?"

"शाळेचा. कुणाकुणाला येऊ देत नव्हते, आणि मग कसे आले. उद्या सुरू करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. एका पालकाची तक्रार होती. परीक्षेत नसलेलं शिकवून मुलांची मधली सुट्टी वाया घालवतात, असं लिहून दिलं होतं. तक्रार त्या सामना बघणाऱ्या दोघांपैकी एकाच्या घरून आली होती. आता बोला.

"मला तोंडी सांगायला आवडलं असतं," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण तक्रार लेखी आहे, म्हणून उत्तरही लेखी." त्यांनी कागद पुढे केला. आपल्याकडे न सोपवलेल्या वर्गाला अध्यापन करू नये. खाली, वाचून मान्य, सही.

बाई भांडल्या नाहीत असं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या मोठ्या बाईंच्या खोलीत मोठ्याने बोलल्या. "एक मुलगी आहे हो. एकटी. ती स्वतःहून थांबते. तिला शिकवण्यात कुणाचं काय गेलं?"

"काही गेलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असावं, कारण त्यांनी तीनही फायली मिटल्या होत्या. "मला माहीत आहे तुम्ही कशा शिकवता. माझी मुलगी तुमच्याच हाताखालून गेली. पण उद्या कुणी टाचण वही मागितली तर मी तुम्हाला वाचवू शकत नाही. सही करा, बाई."

त्यांनी सही केली. दुसरं काय करणार होत्या? नोकरी सोडून पलीकडच्या फूटपाथवर वर्ग भरवणार होत्या? स्वतःचा इतका संताप त्यांना कधी आला नव्हता. आता त्या इकडे सहावी-सातवीला शिकवताना सरळ पुस्तकाप्रमाणे जायला लागल्या. कोर्ट नाही, कुलपं नाहीत, दोन तासांना दोन तास. नवी पोरं बिचारी गुपचूप वही उघडून बसायची. त्यांना काय माहीत, आपलं काय गेलं ते.

सहा आठवड्यांनी, दुपारच्या तिसऱ्या तासाला शिपाईमामा दारात आले. कुणाचा तरी दाखला काढायचा होता. आठवीचं रजिस्टर अजून इकडच्या कपाटात होतं आणि मागच्या वर्षीच्या वर्गशिक्षिका म्हणून नोंदी बाईंच्या हातच्या, तेव्हा दाखला त्यांनीच लिहायचा. बाई कार्यालयात गेल्या. टेबलामागे मोठ्या बाई होत्या. बाकावर एक बाई बसली होती, कामाचा निळा कोट अंगात, दवाखान्याच्या धुलाईत काम करणाऱ्या बायका घालतात तसा. शेजारी वकील उभी, कडेवर दोन वर्षांचा भाऊ. त्याने तिच्या वेणीचं टोक तोंडात धरलं होतं.

बाईंना आधी वाटलं, गाव बदलत असतील.

आईने सगळं नीट सांगितलं, काही लपवलं नाही. सासू घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आता अंथरुणावरच. धाकट्याला तीच बघायची. मोठा मुलगा दहावीला, त्याला हलवता येत नाही. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आणि स्वतःची पाळी सकाळी सहाला सुरू होते.

"एखाद वर्षाचा प्रश्न आहे, बाई," ती म्हणाली. "पुढे बघू."

"एकदा सुटली की पुन्हा येत नाही हो पोर," बाई म्हणाल्या. "मी बावीस वर्षं बघतेय. आणि ही? हिला तुम्ही घरी बसवणार? अहो, हिच्यासारखी..." त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. "असा दाखला देता येतो का? वय भरलेलं नाही तिचं. कायदा आहे ना?"

मोठ्या बाईंनी अर्ज त्यांच्याकडे सरकवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, दुसऱ्या शाळेत प्रवेश घेण्यासाठी. मावशीच्या गावची शाळा. असा अर्ज आला की दाखला द्यावा लागतो. ती शाळा पुढे बघितली की नाही, हे कुणी विचारायला जात नाही. मावशीच्या गावी कुणी जाणार नव्हतं, हे त्या खोलीतल्या चौघींनाही ठाऊक होतं.

"माझंही सातवीतच सुटलं होतं," आई म्हणाली. तिने बाईंचा चेहरा पाहिला असावा, तिला बाईंची दया आल्यासारखं वाटलं. "काही अडत नाही बघा. होतं सगळं."

बाईंनी मग शेवटचा उपाय केला. वकिलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तू बोल ना काहीतरी. त्या कारकुनासाठी नऊ तास भांडलीस. आता स्वतःसाठी भांड की."

वकिलाने भावाच्या तोंडातून वेणी सोडवली. "काय बोलू, बाई? कुणीतरी थांबायलाच पाहिजे ना घरी. मुलींचं असंच असतं ना, पहिल्यापासून?"

ती तक्रार करत नव्हती. खरंच विचारत होती, वर्गात विचारायची तसं. आणि बाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कारण याचं उत्तर होतं. दुसऱ्या धड्यात होतं, पहिल्याच पानापासून होतं. असंच नसतं, गं. असंच असतं असं लोक म्हणायचे, आणि कुणीतरी उठून नाही म्हणालं. ज्या पोरीला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. का? तर बाईंना कोर्ट भरवायचं होतं म्हणून. घाई कशाला, वर्ग आपलाच आहे म्हणून.

दाखला त्यांनी लिहिला. कारणाच्या रकान्यात खाडाखोड झाली म्हणून एक कागद फाडून दुसरा घ्यावा लागला. मायलेकी निघाल्या, तशा बाई पण त्यांच्याबरोबर निघाल्या. तास चालू होता, मोठ्या बाई समोर होत्या, कुणी अडवलं नाही.

बसथांबा दोनशे पावलांवर. बाईंनी फाटकातून बाहेर पडल्या पडल्या सुरुवात केली. "ऐक. दुसरा धडा. असं नसतं पहिल्यापासून. पहिली मुलींची शाळा निघाली तेव्हा सहाच मुली आल्या होत्या..." त्या भराभर बोलत होत्या, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ओरडून बोलत होत्या. लोकांनी त्या मुलींना रस्त्यात कसं अडवलं. शेजाऱ्यांनी त्यांच्या घरांशी बोलणं कसं टाकलं. शिकवणाऱ्या बाईंना घर कसं सोडावं लागलं. मग दुसऱ्या वर्षी सहाच्या अठरा कशा झाल्या. आई पुढे चालत होती, मधून मधून मागे वळून बघत होती, पण तिने टोकलं नाही. वकील भावाला या कडेवरून त्या कडेवर घेत ऐकत होती, मन लावून, कपाळाला आठी घालून. थांब्यावर पोचेपर्यंत अर्धा धडा झाला. बस अजून दिसत नव्हती. बाईंना वाटलं, अजून पाच मिनिटं मिळाली तर होईल. कायद्यापर्यंत तरी नेता येईल.

"आणि मग कायदा झाला. सगळ्या मुलामुलींना शाळा. सगळ्यांना, कळलं? कुणाच्या मर्जीवर नाही, हक्काने."

वकिलाने भावाला पुन्हा कडेवर सावरलं. "बाई, एक विचारू?"

"विचार."

"त्या सहा मुली शाळेत जायच्या, तेव्हा त्यांच्या घरची लहान मुलं कोण बघायचं?"

बाईंनी तोंड उघडलं. सगळा धडा त्यांनी डोळ्यांपुढे आणला, पान आणि पान. दोन रांगांत बसलेल्या मुलींचं चित्र. शिकवणाऱ्या बाईंचा फोटो, चौकटीत. कायद्याचं साल. शेवटी स्वाध्याय, चार प्रश्न. तीन वर्षांचं अख्खं पुस्तक त्यांनी चाळलं. हे कुठेच नव्हतं. त्यांनी स्वतःही बावीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं, आणि कुणा पोराने त्यांना विचारलं नव्हतं.

"बघून सांगते," बाई म्हणाल्या.

वकिलाने मान हलवली, वर्गात हलवायची तशीच. बस आली. आईने पिशवी घेतली, वकिलाने भावाला पोटाशी घट्ट धरलं आणि दोघी मागच्या दाराने चढल्या. गर्दीत त्या कुठे उभ्या राहिल्या ते खालून दिसलं नाही. बस हलली. शाळेत घंटा झाली, पुढचा तास सहावीचा होता, आणि बाईंना तिथे थांब्यावरच रडू आलं.